मराठी वाचकाला अद्भुत कुठे भेटले?

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासावर आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात एक प्रश्न हटकून येतो : पहिली मराठी विज्ञानकथा कोणती? उत्तरेही ठरलेली आहेत. अनुवाद धरायचा तर ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासावरून घेतलेली, १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकातून आलेली ‘चंद्रलोकची सफर’. स्वतंत्र कथाच हवी असेल तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘मासिक मनोरंजन’मध्ये प्रसिद्ध झालेली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’. या दोन नोंदी एका लेखातून दुसऱ्या लेखात, तेथून प्रबंधात आणि प्रबंधातून परीक्षेच्या ‘टीपा लिहा’मध्ये सुखेनैव प्रवास करीत असतात.

असे शोध निरर्थक असतात असे मुळीच नाही. पण त्यांत लेखक असतो, सनावळी असते, वाचक मात्र नसतो. ‘केरळकोकिळ’चा अंक उघडून बसलेल्या गृहस्थाला आपण एका वाङ्मयप्रकाराच्या जन्मवेळी हजर आहोत याची गंधवार्ताही नव्हती. वाचकाच्या लेखी पहिली विज्ञानकथा म्हणजे त्याने स्वतः प्रथम वाचलेली. आणि ती वाचताना ‘ही विज्ञानकथा बरे का’ असे त्याच्या कानात बहुधा कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा प्रश्न थोडा फिरवून विचारावासा वाटतो. चंद्रावर जाणारी, पाताळात उतरणारी, मेलेल्याला बोलते करणारी गोष्ट मराठी वाचकाच्या हाती आली ती कोठून, कोणाच्या हातून आणि कोणत्या नावाखाली?

सुरुवात बरीच मागे जाऊन, एका अनपेक्षित ठिकाणाहून करावी लागते. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील गद्य पुस्तकांत ‘सिंहासनबत्तिशी’ आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात, विल्यम कॅरीच्या काळात, १८१४ साली ती मोडी लिपीत छापली गेली. बोलणाऱ्या बत्तीस पुतळ्या आणि विक्रमादित्याचे अचाट पराक्रम असा हा ऐवज छापला कोणासाठी? तर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषा शिकणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. म्हणजे छापील मराठी अद्भुताचा पहिला वाचक मराठी नव्हता, आणि त्याने ते वाचले ते अभ्यासाला नेमले होते म्हणून! मराठी माणसाला त्या काळी या गोष्टींसाठी छापखान्याची गरजच नव्हती. पोथी होती, कीर्तनातील आख्यान होते, आणि निजायच्या वेळी गोष्ट सांगणारी वडीलधारी बाई घरोघर होती.

छापील अद्भुत मराठी घरात शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि पुढे विष्णुशास्त्र्यांचाही हात लागलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’चा त्यात मोठा वाटा आहे. पुस्तकाच्या नावातच पाहा : ‘सुरस’ आणि ‘चमत्कारिक’. वाचकाला काय मिळणार हे दोन विशेषणांत सांगून टाकले आहे. याच सुमारास लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या आल्या. आमच्या अभ्यासक्रमांत या कादंबऱ्यांचे स्थान मोठे केविलवाणे आहे. हरिभाऊ आपट्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी ओलांडायची ती पायरी. ‘अद्भुतरम्य’ हा शब्द आपण येथे वर्णनासाठी कमी आणि निकाल देण्यासाठी अधिक वापरतो : कादंबरीचे हे बालपण, पुढे ती शहाणी झाली आणि वास्तवाकडे वळली. समीक्षेने अद्भुताला एकदा असे बालपणाशी जखडल्यावर पुढे बाजाराने ते खरोखरच बालकांच्या स्वाधीन केले, यात आश्चर्य कसले?

परंतु मध्ये मासिकांचा काळ आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली ‘केरळकोकिळ’ सुरू केले ते कोचीनमध्ये राहून. महाराष्ट्रापासून इतक्या दूर बसलेल्या एका संपादकाचे हे मासिक. त्यात कविता, निबंध, परीक्षणे आणि इतर नाना प्रकारचा मजकूर, आणि त्यातच केव्हातरी चंद्राची सफर. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चीही तऱ्हा तीच. मासिकाचा वाचक निवड करून वाचत नाही. त्याच्यापुढे ताट वाढलेले येते. ज्याला चंद्रावर जायचे नव्हते तोही पुढच्या पानावरील कवितेकडे जाता जाता दोन घटका चंद्रावर थांबला असणार. मराठीत विज्ञानकथा वाचकाला शोधत गेली ती अशी, इतर मजकुराच्या गर्दीत, कोणतीही पाटी गळ्यात न घालता.

अमेरिकेत याच्या नेमके उलट घडले. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले तेव्हा या प्रकाराला वाहिलेले, भडक मुखपृष्ठाचे स्वतंत्र मासिकच वर्तमानपत्राच्या स्टॉलवर टांगले गेले. त्यात वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे एका गावचा वाचक दुसऱ्या गावच्या वाचकाला लिहू लागला, मंडळे जमली, आणि त्या मंडळांतूनच पुढचे कितीतरी लेखक निघाले. तेथे पाटी आणि वाचकवर्ग जोडीने जन्माला आले. आपल्याकडे वाचक आधीच होता. पाटी आली ती पुष्कळ वर्षांनी, आणि आली तेव्हा तिने त्या वाचकाचे काय केले हाच खरा प्रश्न आहे.

मराठी माणसांच्या दोन-तीन पिढ्यांना व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या हातून. भागवत (१९१०–२००१) म्हटले की लोकांना ‘फास्टर फेणे’ आठवतो आणि ते साहजिकच आहे. पण फुरसुंगीचा बन्या फेणे हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. दुसरा भाग त्यांनी मराठीत आणलेल्या व्हर्नच्या साहसकथांचा. ‘चंद्रावर स्वारी’ घ्या किंवा ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. या दुसऱ्या नावावर क्षणभर थांबावे. व्हर्नच्या १८७७ च्या मूळ कादंबरीला नायकाचे नाव आहे, ‘हेक्टर सर्व्हाडॅक’. पृथ्वीला घासून गेलेल्या धूमकेतूवर काही माणसे सापडतात आणि सूर्यमालेत फिरून येतात अशी ती गोष्ट. भागवतांनी नायकाचे परके नाव बाजूला ठेवले आणि ‘धूमकेतू’ हा पुस्तकी शब्दही टाळला. ‘शेंडेनक्षत्र’ हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा शब्द उचलून त्यामागे ‘मुक्काम’ लावले. आंतरदेशीय पत्रावर आपण ‘मुक्काम पोस्ट’ लिहीत असू त्यातले हे मुक्काम. म्हणजे अंतराळातल्या अशक्य ठिकाणाला टपालाचा पत्ता मिळाला! दहा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक परके कसे वाटावे? अनुवादाचे सिद्धान्त शिकवताना आम्ही भली मोठी नावे फळ्यावर लिहितो. हे शीर्षक मात्र त्या तासाला कधी उदाहरण म्हणून येत नाही.

व्हर्नशी आपले आणखी एक नाते आहे, तेही अशा पुस्तकांच्या वाचकाला बहुधा फार उशिरा कळते. ‘नॉटिलस’ पाणबुडीचा तो गूढ कॅप्टन नेमो ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४–७५) आपली ओळख सांगतो ती बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार अशी, १८५७ च्या उठावात लढलेला आणि सर्वस्व गमावलेला. ‘द स्टीम हाऊस’ (१८८०) या कादंबरीत तर खुद्द नानासाहेब पेशवे येतात. फ्रान्समध्ये बसून एक माणूस आपल्याकडच्या पराभूतांना समुद्राच्या तळाशी राज्य देत होता. आम्ही मात्र तो इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘मुलांचा लेखक’ समजून बालविभागाच्या कपाटात ठेवून दिला.

या काळातला दुसरा मोठा दरवाजा ‘चांदोबा’चा. मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली निघालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि स्मशानातून निघालेला विक्रम हे शंकर यांच्या कुंचल्यातले चित्र ज्याने पाहिले नाही असा त्या पिढीतला वाचक विरळा. दासरी सुब्रह्मण्यम् यांच्या लेखणीतून उतरलेल्या राक्षस-मांत्रिकांच्या क्रमशः कथा मराठी मुले मूळ लेखकाच्या नावाचा पत्ता नसताना महिनोन्‌महिने वाचत होती. आज ज्याला फँटसी म्हणतात ती हीच. पण त्या मुलाला तिचे नाव विचारले असते तर त्याने ‘चांदोबातली गोष्ट’ एवढेच सांगितले असते. नाव अंकाचे, प्रकाराचे नव्हे.

मूल मोठे झाले की चांदोबा सुटे. मग पुढे काय? येथे वाचनालयांकडे वळले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, आणि अ-ब-क-ड अशी वर्गवारी होऊन तालुक्या-तालुक्यांतील वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्या अनुदानाच्या मान्यवर दुनियेबाहेर आणखी एक दुनिया होती. शहरांतल्या गल्ल्यांत, शिंप्याच्या किंवा वाण्याच्या शेजारच्या गाळ्यात चालणाऱ्या, अनामत ठेवून रोजच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्या. पुठ्ठ्याची बांधणी, तपकिरी कागदाचे वेष्टण, आतल्या पहिल्या पानावर तारखांचे शिक्के. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे राज्य येथेच होते. आणि येथेच नारायण धारप (१९२५–२००८) मराठी वाचकाला भेटले.

धारपांचे वाङ्मयीन मूल्यमापन अजून व्हायचेच आहे. ‘भयकथाकार’ असा शिक्का मारून आपण मोकळे झालो. त्यांनी परक्या भाषेतून मोकळ्या हाताने घेतले हे खरेच आहे. ‘लुचाई’ हे स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चे मराठी रूप आहे, आणि अशा उसनवारीचा हिशेब समीक्षकाने चोख मांडलाच पाहिजे. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. ‘समर्थ’कथांतला मांत्रिक आणि ‘नेनचिम’मधले विज्ञान ही दोन्ही त्याला एकाच लेखकाने, एकाच गाळ्यातून, एकाच दराने दिली. पिशाच आणि परग्रह यांच्यामध्ये भिंत आहे असे तेथे कोणी त्याला सांगितले नाही. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या अंकांतही गूढ, भय, विज्ञान आणि निव्वळ चमत्कार शेजारी-शेजारी नांदत होते. ही सरमिसळ अडाणीपणाची होती असे पुढे मानले गेले. मला तसे वाटत नाही. अज्ञातापुढे उभे राहिल्यावर माणसाच्या मनाचे जे होते त्यात फारशी वर्गवारी नसते, आणि ही सरमिसळ त्या अनुभवाशी अधिक प्रामाणिक होती.

आता पाटीची गोष्ट. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेणे हा तिचा हेतू. त्यासाठी परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की जयंत विष्णु नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगला नारळीकरांनी लिहून काढली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञाने नाव झाकून परीक्षेला बसावे ही गोष्ट लोभस आहेच. योगायोग असा की जगदीशचंद्र बसूंची बंगालीतली विज्ञानकथाही १८९६ साली एका स्पर्धेतूनच पुढे आली होती. ती स्पर्धा ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या मालकाने जाहिरातीसाठी भरवली होती. बसूंनी चक्क बाटलीभर तेलाने समुद्रावरचे वादळ शमवून दाखवले आणि बक्षीस घेतले. आपल्या स्पर्धेमागे तेल नव्हते, प्रबोधन होते. फरक लहान नाही.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या विज्ञानकथेची कौतुकाने दखल घेतली. ते संमेलन आणीबाणीविरोधी उद्गारांसाठी लक्षात राहिले आणि ते योग्यच झाले. पण या दखलेचाही थोडा विचार व्हावा. दुर्गाबाई लोककथांच्या अभ्यासक, जातककथा मराठीत आणणाऱ्या. बोलणारे प्राणी आणि पूर्वजन्मीच्या आठवणी यांत आयुष्य घालवलेल्या विदुषीने कृष्णविवराचे स्वागत करावे यात मला विसंगती दिसत नाही. त्यांना तेथे जुन्याच प्रवाहाचे नवे वळण दिसले असावे असा माझा तर्क आहे.

त्या स्वागतामागोमाग जे घडले ते मात्र निराळे. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ साली आला, आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने विज्ञानकथेला प्रथमच ‘साहित्य’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. हे मोठे कार्य होते. त्याविषयी मनात कृतज्ञताच आहे. परंतु प्रतिष्ठेची किंमत कोणी मोजली? विज्ञानकथा ही विज्ञानाच्या पक्क्या पायावर उभी असावी, परीकथा आणि भुताखेतांशी तिची गल्लत होऊ नये, हा आग्रह नारळीकरांनी वेळोवेळी धरला. अंधश्रद्धेने पोखरलेल्या समाजात एका शास्त्रज्ञाने असे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण या आग्रहामुळे जुने घर दुभंगले. विज्ञान दिवाणखान्यात आले आणि अद्भुत परसदारी गेले. ज्या वाचकाला दोन्ही एकाच गाळ्यात मिळत होते, त्याला आता एक वाचल्याबद्दल शाबासकी मिळू लागली आणि दुसरे लपवून वाचावे लागले.

याचे दूरचे परिणाम वर्गात दिसतात. एम.ए.च्या मुलांना मी दरवर्षी विचारतो की तुम्ही वाचलेली पहिली अशी गोष्ट कोणती, जिच्यात अशक्य ते घडते. एके काळी ‘चांदोबा’ आणि भागवत यांची नावे येत. नंतर मंजुल प्रकाशनाच्या ‘हॅरी पॉटर आणि परीस’चे नाव येऊ लागले. हल्ली बहुतेकांचे उत्तर पुस्तकाचे नसतेच; चित्रपट किंवा जपानी चित्रमालिका असते. त्याबद्दल कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. दरवाजे बदलतात. मला खटकते ती पुढची गोष्ट. पहिल्या पुस्तकानंतरचे दुसरे पुस्तक कोणते, या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळत नाही. भागवत संपल्यावर बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला पुढे नेणारी अद्भुताची सलग वाट मराठीत बांधली गेलीच नाही. तेथून तो इंग्रजीकडे तरी जातो किंवा वाचन सोडून तरी देतो. टोल्कीनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ चे. मुग्धा कर्णिकांनी केलेला त्याचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद येईपर्यंत ज्यांना ते मराठीत हवे होते अशा दोन पिढ्या उलटून गेल्या.

कधी कधी वाचक मराठी पुस्तकापर्यंत फारच लांबच्या वळणाने पोहोचतो. २०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपट आला. त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि दिग्दर्शकाच्या मनात गोष्टीचे बीज पडले ते धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. ती ‘आजी’ पुन्हा किंगच्या कथेवरून घेतलेली. हिंदी चित्रपट पाहून बाहेर पडलेली मुले धारपांची पुस्तके विचारत दुकानांत आली. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे भाग्य याहून विलक्षण. १७६१ साली मराठे पानिपत जिंकले असते तर, या कल्पनेवरची ही कथा ‘दि ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेली. त्यामुळे देशभरातल्या मुलांनी गंगाधरपंत गायतोंडे यांच्याबरोबर त्या पर्यायी मुंबईत पाऊल ठेवले. त्यांत पुण्या-मुंबईची मराठी मुलेही होती. मराठीतली ही मराठी कथा त्यांना इंग्रजीच्या तासाला, खाली दिलेल्या प्रश्नोत्तरांसह भेटली. श्रीरामपूरच्या ‘सिंहासनबत्तिशी’प्रमाणेच येथेही अद्भुत वाचले गेले ते अभ्यासाला नेमले होते म्हणून.

नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद २०२१ साली नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे ते तेथे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतर काही दिवस वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांना मागणी होती. आमच्या गावच्या वाचनालयात ती ‘विज्ञान’ या कपाटात, ऊर्जेवरील आणि आरोग्यावरील पुस्तकांच्या रांगेत असतात. धारप ‘रहस्य व भय’मध्ये, दाराजवळ. भागवत वरच्या मजल्यावर बालविभागात, आणि तो विभाग संध्याकाळी दोनच तास उघडा असतो.